सामानापाशी थांब

"तू सामानापाशी थांब."

दादा हे म्हणाले तेव्हा माझा एक पाय सायकलच्या पॅडलवर होता.

पुलाउ उबीन. सिंगापूरच्या कडेचं छोटंसं बेट. चांगीच्या धक्क्यावरून लाकडी बोटीने जायचं. बोट भरली की सुटते. आमच्या ऑफिसची अख्खी टीम त्या शनिवारी सायकली चालवायला गेली होती. उतरल्या उतरल्या सगळ्यांनी दुकानातून सायकली भाड्याने घेतल्या. मी हिरवी निवडली होती, पुढे टोपली असलेली. सीट माझ्या मापाने खाली करून घेतली होती. घंटी वाजवून बघितली होती.

"इथे रानडुकरं फिरतात," दादा म्हणाले. "पिशव्या फाडून खातात मेली. कोणीतरी थांबायला पाहिजे." मग माझ्याकडे बघून हसले. "हिला ठेवू. हिला काय, सवय असेल डुकरांची. वस्तीवर असतातच की तुमच्या."

हसले सगळे. कोणी मोठ्याने, कोणी मान खाली घालून. निखिल माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायचा. नाशिकचा. माझ्या डब्यातला ठेचा न विचारता खायचा. तोही हसला.

मी म्हणाले, "दादा, मलाही यायचंय."

"अगं, हक्काने सांगतोय. आपल्या माणसाला नाही सांगायचं तर कोणाला?" आणि सायकल वळवता वळवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आणि रुसून जाणार कुठे? पीआर व्हायचाय ना तुझा?"

परत हशा.

मी उतरले. हिरवी सायकल दुकानदाराला परत दिली. बाकावर पिशव्या रचल्या. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, वहिनींनी पाठवलेला पुलावाचा मोठा डबा. सायकलींच्या घंट्या झाडीत शिरल्या आणि ऐकू यायच्या बंद झाल्या.

डुकरं आली. खरंच आली. एक मादी आणि मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. मी पडलेली फांदी उचलली आणि उभी राहिले. हातात काठी, पुढ्यात दुसऱ्याचं सामान.

काठी हातात घेतली आणि मला पणजोबा आठवले.

मी त्यांना पाहिलेलं नाही. आबांकडून ऐकलंय. आबा म्हणजे माझे वडील, परभणीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, आता घरी असतात. पणजोबा गावचे येसकर. वेशीवर राखण. गावात साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, घोड्याला चारा टाकायचा, साहेब पाटलाच्या ओसरीवर जेवत असताना बाहेर उन्हात त्याचं सामान राखायचं. हातात येसकराची काठी. बदल्यात दारोदार फिरून मागितलेलं शिळंपाकं. त्याला महारकी म्हणत, आणि वर त्यालाच हक्क म्हणत. आजोबांच्या पिढीने समाजाची बैठक घेऊन ती महारकी सोडली. गावाने वाळीत टाकलं, पाणी बंद केलं, तरी परत घेतली नाही. आजोबांनी ती काठी चुलीत घातली असं आबा सांगतात.

ती चुलीतली काठी मला सिंगापूरच्या बेटावर सापडली.

आता हे दादा कोण ते सांगते. दादा माझे मॅनेजर. पुण्याचे. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका कंपनीत आम्ही बँकांसाठी सॉफ्टवेअर करतो, करत होतो. टीममध्ये मराठी बरेच. ऑफिसात इंग्रजी, आपसात मराठी, आणि मॅनेजरला सगळे म्हणणार 'दादा'. मला पहिल्या दिवशी ते फार बरं वाटलं होतं. परक्या देशात दादा भेटला!

दुसऱ्या दिवशी दादांनी विचारलं, "तुमचं आडनाव गावावरून पडलंय ना? मूळ आडनाव काय?"

मी म्हणाले, "हेच."

"गावात घर कुठे? मारुतीपासून जवळ, का लांब?"

मराठी माणूस जात विचारत नाही. मारुती कुठेय ते विचारतो.

एप्रिलच्या चौदा तारखेची मी सुट्टी टाकली तेव्हा त्यांना उत्तर मिळालं. ते फक्त "अच्छा" म्हणाले. तो अच्छा मी शाळेपासून ओळखते.

त्यानंतर माझ्यावर हक्क सुरू झाला. दादांच्या मुलीला मराठी वाचता येत नाही, तर शनिवारी त्यांच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर येऊन शिकव. दादांचं कुरियर येणार, घरी कोणी नाही, तर सुट्टी टाकून थांब. दादांचे कोणी पाहुणे विमानतळावर उतरणार, तुझं घर त्या बाजूलाच आहे, तर घेऊन ये. टीममध्ये नाशिकचे होते, ठाण्याचे होते, कोथरूडचे होते. हक्क मात्र फक्त माझ्यावर. त्यांना दादा 'जमेल का रे?' असं विचारायचे. मला विचारत नसत.

आणि मी जायची. का जायची? पीआरसाठी.

बाहेरच्यांसाठी सांगते. आम्ही इथे राहतो ते कंपनीने काढलेल्या पासवर. नोकरी आहे तोवर पास. नोकरी गेली की पास गेला, मग काही दिवसांत दुसरं काम शोधा नाहीतर बॅग भरा. पीआर म्हणजे कायमचा रहिवास. तो मिळाला की नोकरी गेली तरी देश जात नाही. मॅनेजर ओरडला तर उलट बोलता येतं. घर कोणाच्या मर्जीवर नसतं. मला पीआर हवा होता तो एवढ्यासाठीच. कोणाच्याही मेहेरबानीशिवाय उभं राहता यावं म्हणून.

आणि त्यासाठी मी मेहेरबानीच्या दारात उभी होते.

कारण पीआरच्या अर्जाला कंपनीचा कागद लागतो. तो दादांनी 'करून दिला'. असं ते म्हणत. पूजेत म्हणत, पार्टीत म्हणत, लिफ्टमध्ये म्हणत. "हिचा कागद मीच करून दिला." अर्ज गेला. मग वाट बघणं. महिने जातात, कोणी काही कळवत नाही. आणि इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आज्ञा देवाच्या शब्दासारखी फिरत असते: अर्ज पेंडिंग असताना नोकरी हलवू नका. कोणी ठरवलं? माहीत नाही. कुठे लिहिलंय? माहीत नाही. पण नवीन आलेल्या प्रत्येकाला हे आधी सांगतात आणि मग डाळ कुठल्या दुकानात मिळते ते सांगतात.

मी पुण्यात इंजिनिअरिंग करताना पत्रकं लिहायची. वसतिगृहाच्या प्रश्नावर, स्कॉलरशिपच्या प्रश्नावर. आमच्या पत्रकाचा नियम होता. पहिल्या ओळीत अन्याय, शेवटच्या ओळीत मागणी, मध्ये रडगाणं नको. प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसलेली पोरगी मी. ती पोरगी सिंगापूरला आली आणि 'दादा, मलाही यायचंय' एवढं म्हणून गप्प बसली.

उबीनहून परतताना बोटीत निखिल शेजारी बसला. म्हणाला, "मनावर घेऊ नको गं. दादांचा स्वभाव आहे."

मी म्हणाले, "तुझ्याशी का नाही तो स्वभाव?"

तो पाण्याकडे बघायला लागला.

त्याच आठवड्यात मी बायोडेटा बाहेर काढला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीने बोलावलं. मुलाखत घेणाऱ्याने माझं काम विचारलं. गाव विचारलं नाही, मारुती विचारला नाही. नोकरी मिळाली. नवी कंपनी नवा पास काढणार, तो मंजूर झाला की मी जुनी नोकरी सोडायची. पण पीआरचा अर्ज? पेंडिंग.

निखिलला सांगितलं. सांगायला नको होतं. दुपारी दादांनी मला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. दार लावलं.

"ऐकतोय ते खरं?"

"हो."

"वेडी आहेस. पीआर येईपर्यंत शांत बस. मी एचआरला एक मेल टाकला ना, तुझा कागद परत घेतील. मग बस बोंबलत." मग आवाज खाली आणला, मायेने, "तुम्हा लोकांचा हाच प्रॉब्लेम आहे. सगळं आयतं मिळायची सवय. थांबणं म्हणून माहीत नाही."

आम्हाला थांबणं माहीत नाही! आम्ही वेशीबाहेर किती पिढ्या थांबलो ते विचारा कोणालाही.

पण हे मी बोलले नाही. कागद परत घेतला तर? त्या भीतीत मला दादांचं पुढचं वाक्य ऐकू आलं. "रविवारी घरी पूजा आहे. आई आलीये पुण्याहून. तू लवकर ये, काम आहे." आणि मी मान हलवली.

रविवारी गेले. वर नाही गेले. दादांनी खालीच गाठलं. त्यांच्या कॉन्डोची लिफ्ट कार्डाशिवाय चालत नाही. पाहुणा आला की कोणीतरी खाली येऊन कार्ड लावावं लागतं. दादांनी माझ्या हातात कार्ड दिलं. "तू इथे लॉबीत थांब. पाहुणे आले की वर पाठवत जा."

मी विचारलं, "आणि पूजेला?"

"अगं, आईचं सोवळं-ओवळं असतं. जुनी माणसं. तू समजूतदार आहेस."

मी समजूतदार. मी लॉबीत. कार्ड लावायचं, लिफ्टचं दार उघडायचं, नऊवारीतल्या काकूंना नमस्कार करायचा, कोणाच्या हातातला मिठाईचा बॉक्स धरायचा. गार्डच्या टेबलामागे बसलेले तमिळ अंकल मधूनच माझ्याकडे बघत होते. एका काकूंनी मला आपली छत्री दिली, ठेवून घे म्हणून, आणि शेजारणीला म्हणाल्या, "नवी मुलगी ठेवलेली दिसते. मराठी आहे हो! बरं झालं, त्या सीतीला आपला स्वयंपाक जमत नव्हता."

सीती म्हणजे दादांकडे घरकाम करणारी, इंडोनेशियाची. मला काकूंचा राग आला नाही. कामाला कमी मी लेखत नाही, आमच्यात कोणी लेखू नये. पण एकदम डोक्यात उजेड पडला. आज रविवार. सीतीला रविवारची सुट्टी होती. ती आज मैत्रिणींबरोबर कुठेतरी गवतावर सतरंजी टाकून जेवत असेल. तिच्या मालकाला तिची सुट्टी पाळावी लागते. म्हणून मी होते. सीतीला दिवस आहे, पगार आहे, नियम आहे. आणि इंजिनिअर असलेली मी? मला हक्क आहे. दादांचा.

वरून शंखाचा आवाज आला. कोणीतरी गॅलरीत वाजवला असेल. आरती झाली असणार. थोड्या वेळाने लिफ्ट खाली आली आणि वहिनी बाहेर आल्या. चांगली पैठणी, हातात कागदी द्रोण. प्रसादाचा शिरा.

"घे गं. तुझ्यासाठी खालीच आणलं. वर गर्दी आहे फार." मग माझ्या दंडाला हात लावत लावत तसाच मागे घेतला. "आंघोळ करून आलेय मी, आईंना लगेच वाढायचंय. वाईट नाही ना वाटलं?"

शिरा गरम होता. त्यात केळं होतं, वेलची होती. मला भूक लागली होती. हे मुद्दाम सांगते. भूक नसताना नाकारणं सोपं असतं.

मी द्रोण घेतला नाही.

"वहिनी," मी म्हणाले, "माझ्या पणजोबांना असंच खाली आणून द्यायचे."

"म्हणजे?"

"दादांना विचारा. त्यांना गाव-शिव सगळं विचारायची आवड आहे."

कार्ड मी त्यांच्या हातात दिलं नाही. गार्डच्या टेबलावर ठेवलं. छत्री त्याच्या शेजारी. दारात एक मोठं कुटुंब नुकतंच टॅक्सीतून उतरत होतं, फुलं, फळं, आजोबांची व्हीलचेअर. वहिनी ओरडल्या, "अगं, यांना वर कोण नेणार?"

"ज्यांचं घर, ते."

आणि मी चालू पडले. तमिळ अंकलनी माझ्यासाठी गेटचं बटण दाबलं.

फोन वाजत राहिला. दादा, दादा, वहिनी, दादा. मग निखिल. मी उचलला नाही.

सोमवारी सकाळी मी आधी एचआरकडे गेले. तिथे जोसलिन नावाची सिंगापुरी बाई बसते. एवढ्या काळात मी तिच्याकडे एकदाही गेले नव्हते. जे काही असेल ते दादांमार्फत. गावात कचेरीत थेट जायचं नसतं, पाटलामार्फत जायचं असतं, तसं. मी विचारलं, माझा मॅनेजर तो पीआरचा कागद परत घ्यायला सांगू शकतो का?

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं आणि इथल्या सिंगापुरी ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, "युअर मॅनेजर? व्हाय मॅनेजर? ही डोन्ट साइन वन. यू वर्क हिअर, वी पे यू, वी से सो. दॅट्स ऑल, ला."

म्हणजे बाई इथे काम करते आणि इतका पगार घेते, एवढंच लिहिलेलं असतं. सही एचआरची. दादांनी काहीच करून दिलेलं नव्हतं. मी इतके दिवस ज्या उपकाराखाली वाकले होते तो उपकार नव्हताच. काम माझं, पगार माझा, ते खरं आहे म्हणणारा कागद माझा. आणि त्याच्या बळावर एका माणसाने मला डुकरं हाकायला उभं केलं.

मी विचारलं, "नोकरी बदलली तर?"

तिने खांदे उडवले. कळवायचं, नव्या कंपनीचा कागद जोडायचा. फरक पडेल का? "नोबडी नोज, ला."

मी तिथूनच राजीनामा पाठवला. नवा पास मंजूर होऊन आलेलाच होता. दादांनी पूर्ण नोटीस पिरियडभर माझ्याशी मराठीत एक शब्द काढला नाही. इंग्रजीत मात्र फार सभ्य वागले. मला तेच आवडलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. तसं होत नाही.

वन-नॉर्थमध्ये मी रुळले. अर्जात नवी नोकरी कळवली, नवा कागद जोडला. मग परत वाट. आणि एके दिवशी उत्तर आलं. नामंजूर. कारण लिहिलेलं नव्हतं. कारण देत नाहीत.

नोकरी बदलली म्हणून? की नसती बदलली तरी? मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. ते कुरतडतं. ज्यांनी तिथेच मान खाली घालून वर्षं काढली त्यांतल्या कितीतरी जणांनाही नकार आला आहे, पण त्यांचं उदाहरण कोणी देत नाही. माझं देतात. ग्रुपवर नवीन आलेल्या एका मुलाने विचारलं, पेंडिंग असताना नोकरी बदलू का? निखिलने लिहिलं, "अजिबात नको. आमच्या ओळखीची एक बदलून बसली. गेला पीआर." ती एक म्हणजे मी. मी त्याच ग्रुपमध्ये आहे हे त्याला माहीत आहे.

आबांना फोन केला. "आबा, नाही आला."

त्यांना वाटत होतं पोरीचं एकदा कायमचं होऊन जाईल. मग म्हणाले, "काय करायलीस आता?"

"परत भरणार."

"भर. पण कुणाच्या पाया पडून नको भरू."

त्याच संध्याकाळी दादांचा मेसेज आला. आमच्या लोकांत बातमी इथल्या एमआरटी मेट्रोपेक्षा जोरात धावते. "कळलं. वाईट वाटलं. झालं गेलं विसरू. परत ये, तुझी जागा मी करतो. पुढचा अर्ज नीट करू. वहिनीही आठवण काढते. हक्काने सांगतोय."

मोह झाला का? झाला. नवी कंपनी लहान आहे. उद्या ती बुडाली तर माझा पासही बुडेल. तिकडे मोठं नाव आहे, ओळखीची माणसं आहेत, मराठी बोलणं आहे. फक्त शनिवारी शिकवायला जायचं. फक्त सामानापाशी थांबायचं. महारकीसुद्धा अशीच परत मागत आली असेल. उपाशी दिवशी, गोड आवाजात.

मी आधी ग्रुपवर लिहिलं. त्या नवीन आलेल्या मुलाला.

"ती बदलून बसलेली मी. पीआर नाही मिळाला, खरं आहे. का नाही मिळाला ते मला माहीत नाही आणि निखिललाही माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढं: तुझा कागद तुझा मॅनेजर करून देत नाही. कंपनी देते, कारण तू काम करतोस. एचआरकडे स्वतः जा. स्वतः विचार. जो म्हणेल तुझा पीआर माझ्या हातात आहे, त्याचा हात सगळ्यांसमोर उघडून बघ. आत काही नसतं. रविवार तुझा आहे. आणि आपल्यातलं कोणी तुझं मूळ आडनाव विचारलं, तर तुला का विचारलं, शेजारच्याला का नाही, हे तिथल्या तिथे विचार. आम्ही विचारलं नाही म्हणून त्यांना सवय लागली."

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट.

तीन-चार जण ग्रुप सोडून गेले. एकाने लिहिलं, "इथे जात आणू नका." मी आणली नाही. ती आमच्या आधीच विमानाने आली होती, खिडकीची सीट घेऊन. ज्या मुलाने विचारलं होतं त्याने मला वेगळा मेसेज केला. त्यात फक्त एक प्रश्न होता: "ताई, तुम्हाला पण मारुती विचारला का?"

त्याला मी फोन करणार आहे. त्याच्यासारखे अजून असतील, त्यांनाही शोधणार आहे. हे भांडण सिंगापूरशी नाही. आपल्या माणसांशी आहे, आपल्या भाषेत आहे, आणि ते मी तोंडावर करणार आहे. अर्ज परत भरणार आहे. परत नाकारला तर परत. पास गेला तर परभणीला जाईन, तिथूनही लिहीन. काहीही झालं तरी कोणाच्या लॉबीत उभी राहून मिळालेला देश मला नको.

मग दादांचा मेसेज उघडला. पहिल्यांदाच मी त्यांना दादा न म्हणता लिहिलं.

"तुमचं सामान तुम्ही राखा."